धागा: ठराव नाही, कागद नाही, तरी घर वाळीत. हे कायद्यात कसं बसवायचं?

पंचगंगाकाठ
मंडळी, २६ जूनला शाहू जयंती. आमच्या वाचनालयातर्फे त्या दिवशी गावोगावी वाटायला एक चार पानी पत्रक काढतोय. विषय वाळीत टाकण्याचा. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आणि जुलै २०१७ पासून लागू. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं.

अडतं ते पुढं. हल्ली कुणी पाराखाली बसून दवंडी पिटत नाही. न्हावी म्हणतो आज वेळ नाही. डेअरीत दूध नासकं निघतं. ट्रॅक्टरवाल्याला नेमकं त्याच दिवशी डिझेल मिळत नाही. भावकीतलं लग्न होतं आणि पत्रिका एवढ्याच घरी पोचत नाही. सुटं सुटं बघितलं तर एकातही गुन्हा दिसत नाही. सगळं मिळून घराचा गळा आवळलेला असतो.

माझं स्पष्ट मत आहे की कायदा चांगला आहे, पण तो वापरायचा कसा हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी नेमकं लिहावं. मोघम नको.

काळाकोट
चांगला विषय. सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, कायद्याला लेखी ठराव लागत नाही. कलम ३ मध्ये बहिष्काराचे प्रकार एकेक करून दिलेत: लग्न, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यात भाग घेऊ न देणं, शाळा, स्मशान, सभामंडप, देऊळ वापरू न देणं, सामाजिक, व्यावसायिक किंवा धंद्याचे संबंध तोडणं, इतरांना तोडायला लावणं. त्यातलं एक सिद्ध झालं तरी पुरतं. जातपंचायतीची व्याख्याही रुंद आहे, नोंदणी असो वा नसो. चार माणसं बसून कुणाशी कुणी कसं वागायचं हे ठरवत असतील तर ती पंचायतच.

दुसरी गोष्ट, गुन्हा दखलपात्र आहे. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, करून पावती हातात दिली तर ती घेऊन घरी येऊ नका. शब्द जपून वापरा. 'तक्रारी अर्ज' दिला की तो चौकशीला जातो आणि आवक क्रमांकाखाली पडून राहतो. 'फिर्याद' म्हणा, 'गुन्हा नोंद करा' म्हणा. फिर्याद बाधित माणूस किंवा त्याच्या घरातलं कुणीही देऊ शकतं. थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडंही जाता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

ठाण्यात घेतलीच नाही तर फिर्याद पोस्टानं, रजिस्टर पोचपावतीसह, पोलीस अधीक्षकांना. त्यानंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली कोर्टात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १५६(३) ते हेच. अधीक्षकांची पायरी गाळली की कोर्ट आधी तेच विचारतं आणि एक तारीख फुकट जाते.

तिसरी गोष्ट, आणि निम्म्या फिर्यादी इथंच गळपटतात. 'गावानं आम्हाला वाळीत टाकलं' हे वाक्य लिहून थांबू नका. गाव आरोपी होत नसतं. तारीख, जागा, माणूस, त्यानं काय नाकारलं, तोंडानं काय बोलला, तिथं आणखी कोण होतं. प्रत्येक नकाराचा वेगळा परिच्छेद. दहा नकार, दहा परिच्छेद.

शिरोळचा_पाटील
वकीलसाहेब, आधी पाणी प्या. एका दमात सगळं लिहिलंसा.

एक शंका. साठ जणांनी व्यवहार बंद केला असेल तर साठांची नावं घालायची का?

काळाकोट
नको. ज्यांनी ठरवलं, ज्यांनी निरोप फिरवला आणि ज्यांनी प्रत्यक्ष दारात नकार दिला तेवढीच. साठ नावं घातली की निम्म्यांच्या बाबतीत सांगण्यासारखं काही नसतं. बचाव पक्ष त्याच निम्म्यांवरून फिर्याद सुडाची ठरवतो. शिवाय पिठाच्या गिरणीवाला बहुतेक वेळा भ्यालेला असतो. 'दळण दिलंस तर तुझीबी गिरणी बंद' असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्याला आरोपी केलात तर सगळ्यात चांगला साक्षीदार गेला. ज्यानं त्याला दम दिला तो खरा आरोपी.

भुदरगड_माळ
साक्षीदारांचंच विचारणार होतो. पोलिसांपुढं बोलतात, कोर्टात फितूर होतात.

काळाकोट
म्हणून महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यापुढं नोंदवायची मागणी तपासी अधिकाऱ्याकडं लेखी करा. जुना १६४ चा जबाब. शपथेवर दिलेल्या जबाबावरून फिरणं सोपं नसतं. दुसरं, गावाबाहेरचा साक्षीदार शोधा. गॅसची टाकी आणणारा, बदलीवर आलेले गुरुजी, बँकेचा माणूस. ह्यांची भावकी गावात नसते.

निळी_शाई
वरच्या सगळ्यात एक मोठी गोष्ट राहिली. बाधित कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि बहिष्कार घालणारे त्या बाहेरचे असतील, तर फक्त २०१६ च्या कायद्यावर थांबणं म्हणजे हातातलं बळ सोडून देणं.

अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात कलम ३(१)(झेडसी): सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं किंवा घालायची धमकी देणं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. यात चार फरक लक्षात ठेवा. कलम १८ मुळं अटकपूर्व जामिनाला आडकाठी आहे. २०१८ च्या १८-अ मुळं गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तपास उपअधीक्षक दर्जाचाच अधिकारी करणार, आणि साठ दिवसांत आरोपपत्र. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकावर कलम ४.

आणखी एक. जातिवाचक अपमानाच्या कलमाला 'सार्वजनिक दृष्टिपथात' घडल्याची अट आहे, तिच्यावर अनेक खटले पडतात. बहिष्काराच्या कलमाला ती अटच नाही. ठाणे अंमलदार ही दोन कलमं एकात मिसळतात आणि 'लोकांसमोर झालं का?' असं विचारतात. तिथं नम्रपणे पण ठामपणे सांगायचं की साहेब, ती अट दुसऱ्या कलमाची.

आर्थिक बहिष्काराची व्याख्या तर धाग्याच्या प्रश्नाचं उत्तरच आहे. नेहमीच्या धंद्यात ज्या अटींवर एखादं काम सर्रास केलं जातं, त्या अटींवर ते करायला नकार देणं. ट्रॅक्टरवाला शेजाऱ्याला ज्या दरानं नांगरून देतो त्या दरानं याला देत नाही, किंवा याच्याकडूनच रोख आगाऊ मागतो. संपलं, व्याख्येत बसला. म्हणजे शेजाऱ्याचा दर आणि त्याची तारीख हा पुरावा गोळा करायचा.

गडहिंग्लजकर
उत्तम माहिती, निळी शाई. जातीचा दाखला मात्र आधी हाताशी ठेवावा. त्यावाचून तपास रखडतो.

समेट
मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. गुन्हा नोंद झाला की गाव कायमचं तुटतं. खटला चालतो, पोरं मोठी होतात, तरी बोलणं सुरू होत नाही. तंटामुक्त समिती कशाला आहे मग? २००७ पासून ती मोहीम आहे. आधी तिथं बसावं, चहा घ्यावा, मिटवावं. कायदा शेवटी.

निळी_शाई
समेटदादा, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य. पण तंटा दोघांत असतो. एका बाजूला सगळं गाव आणि दुसऱ्या बाजूला पाच माणसांचं घर, त्याला तंटा कसं म्हणणार? समितीत बसणारे बहुतेक वेळा त्याच बैठकीला हजर असलेले असतात. आणि मिटवायची अट काय घालतात, तर दंड भरा, नारळ ठेवा, सगळ्यांच्या पाया पडा. तो दंड घेणं हाच गुन्हा आहे.

काळाकोट
समेटची वाट कायद्यानं बंद केलेली नाही. बाधिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर खटला मिटवता येतो, आणि तेव्हा आरोपीला समाजसेवेची अट घालता येते. म्हणजे समेट होतो, पण कोर्टाच्या देखत, बाधिताच्या मर्जीनं. चावडीत स्टँप पेपरवर सह्या घेतल्यानं खटला संपत नाही.

समेट
समाजसेवेची अट ठाऊक नव्हती. मग माझा आक्षेप निम्मा कमी झाला. पण गावकऱ्यांत आधी बोलणं व्हावं हे मत कायम.

दूधकट्टा
डेअरीचा मुद्दा कुणी धरला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात बहिष्काराची पहिली झळ तिथंच बसते, कारण दहा दिवसाचं बिल थांबलं की घर थांबलं.

दूध संस्था ही सहकारी संस्था आहे, कुणाच्या घरचा धंदा नव्हे. सभासद काढून टाकायचा तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ३५. सर्वसाधारण सभेत हजर असलेल्या, मताचा हक्क असलेल्या सभासदांचं तीन चतुर्थांश बहुमत, आणि वर निबंधकाची मंजुरी. त्याआधी त्या सभासदाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. सचिवानं सकाळी 'उद्यापासून आणू नकोस' म्हटलं, ह्याला कायद्यात जागा नाही.

म्हणून ते सरळ नाही म्हणत नाहीत. फॅट लागत नाही म्हणतात, डिग्री (दुधाच्या घट्टपणाचं माप) कमी म्हणतात. तिथं करायचं असं: नाकारल्याचं कारण पावतीवर लिहून मागायचं. देत नसतील तर त्याच वेळी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅपवर 'आज अमुक लिटर म्हशीचं दूध आणलं, फॅट किती लागली ते कळवा' असा मेसेज टाकायचा. उत्तर आलं तर कागद, नाही आलं तरी तारीख-वेळ आपल्याकडं. त्याच कॅनमधलं दूध तासाभरात दुसऱ्या संस्थेत किंवा संकलन केंद्रावर तपासून पावती घ्यायची. आधीच्या दोन-तीन महिन्यांची बिलं जोडायची, त्यावर रोजची फॅट छापलेली असते. महिनोन्महिने साडेसहा-सात लागणारी फॅट बैठकीच्या दुसऱ्या दिवशी एकाएकी चारवर येते, हे कुठल्याही साहेबाला सांगावं लागत नाही. कागदच बोलतो. हे सगळं घेऊन दुग्ध खात्याच्या सहायक निबंधकांकडं अर्ज, आणि त्याची प्रत फिर्यादीला.

पाणीपुरवठा संस्थेचंही तसंच. पाळीपत्रक आणि पाणीपट्टीची पावती जपून ठेवा. पट्टी भरलेली आणि पाळी आली नाही, हे दोन कागद शेजारी ठेवले की पुरे.

पंचगंगाकाठ
दूधकट्टा, हेच हवं होतं. पत्रकाचं एक अख्खं पान ह्याला देतो.

भुदरगड_माळ
नाद खुळा माहिती!

जुनी_पेठ
आता व्हॉट्सअ‍ॅप निघालंच आहे तर. पंचांचे निरोप आता ग्रुपवर फिरतात आणि लोक नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवतात. तेवढ्यानं भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात: भाग अ ज्याच्याकडं फोन आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खास क्रमांक, त्यात लिहावी लागते. ज्या फोनवर मूळ मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मेसेज पुढं ढकलून दुसऱ्याच्या फोनवर ठेवला तर मूळ कुणी पाठवला हे तिथं दिसत नाही.

शिरोळचा_पाटील
विषय थोडा बाजूला नेतो. 'वाळीत' हा शब्द मुळात कुठला? वाळवणाशी संबंध आहे का?

जुनी_पेठ
वाळवणाशी नाही. जुन्या मराठीत 'वाळणे' म्हणजे वगळणे, जातीबाहेर काढणे. त्यावरून वाळीत. आळंदीच्या विठ्ठलपंतांच्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं ही आपल्याकडची परंपरागत कथा, ती वाळीत टाकण्याचीच कथा आहे. आणि बाबासाहेबांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचं नावच 'बहिष्कृत भारत'.

करवीर_दप्तर
इतिहास निघाला म्हणून लिहितो. पत्रक शाहू जयंतीचं आहे, तर हे त्यात हवंच.

पन्नास टक्के जागा राखीव ठेवण्याचा शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा सगळ्यांना पाठ असतो. पण बहिष्काराच्या दृष्टीनं बघायचं तर १९१८ ते १९२० ही वर्षं जास्त महत्त्वाची. १९१८ मध्ये महार वतनं खालसा करून जमिनी रयतावा केल्या, म्हणजे कसणाऱ्याच्या नावावर केल्या, म्हणजे वेठबिगारीचा दोर कापला. त्याच सुमारास गुन्हेगार ठरवलेल्या जातींची सरकारदरबारी द्यावी लागणारी रोजची हजेरी कोल्हापूर संस्थानात बंद केली. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा इथं शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम निघाले. हुकमात जागांची नावं घेतलेली आहेत, हे बघा. 'अस्पृश्यता वाईट' एवढंच लिहून सोडलेलं नाही. वर काळाकोट यांनी फिर्यादीबद्दल जे सांगितलं तेच: दार कुठलं ते लिहा.

मार्च १९२० मध्ये २१ आणि २२ तारखेला माणगावची परिषद झाली, आत्ताच्या हातकणंगले तालुक्यातलं माणगाव. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, आणि महाराज स्वतः हजर.

आणि भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळे यांचं चहाचं हॉटेल. अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा गाव घेईना, तेव्हा महाराज तिथं गाडी थांबवून चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावत. धंद्यावरचा बहिष्कार कसा मोडतो ते यात दिसतं. उपदेशानं मोडत नाही, गिऱ्हाईक उभं राहिल्यानं मोडतो. पत्रकात लिहा: वाळीत टाकलेल्याच्या दुकानातून मुद्दाम मीठ घ्या, त्याच्याकडून दळून आणा. कुणाचीही परवानगी लागत नाही.

निळी_शाई
दप्तरकाका, फार छान. त्यात एक भर. बहिष्कार हा गुन्हा ठरवावा हे बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात कलमांसकट मांडलं होतं. आधार घेतला होता १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. मुंबई इलाख्याच्या १९३० च्या समिती अहवालात, ज्या समितीत ते स्वतः होते, बहिष्काराची कारणं दिली आहेत: दलितांनी सार्वजनिक रस्त्याचा, विहिरीचा हक्क बजावला, चांगले कपडे घातले, जमीन विकत घेतली, की लगेच मजुरी बंद, वाण्याचं दुकान बंद. आजची यादीही फार वेगळी नाही.

गडहिंग्लजकर
पण १९४९ चाही एक कायदा होता ना मुंबई राज्याचा? तो कोर्टात पडला म्हणतात. मग हा २०१६ चा टिकेल कशावरून?

काळाकोट
होता. वाळीत टाकण्यालाच बंदी करणारा. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तो घटनाबाह्य ठरवला. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंची याचिका होती. मुद्दा अनुच्छेद २६(ब) चा: धर्माच्या बाबतीत आपला कारभार बघण्याचा पंथाचा हक्क, त्यात धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणं येतं. १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं सोपवला. २०१६ चा कायदा धार्मिक बहिष्कृतीपुरता नाही. दुकान, पाणी, लग्न, मजुरी असा सगळा व्यवहार त्यात येतो, त्यामुळं गावातल्या फिर्यादीनं ह्या चिंतेत पडायचं कारण नाही.

आजऱ्याची_वाचक
धाग्यात साहित्य अजून आलं नाही. १९८० साली आलेल्या लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त जातपंचायतीचा कारभार आतून दिसतो, कायदा यायच्या छत्तीस वर्षं आधी. आणि अण्णा भाऊंचा 'फकिरा' आपल्या शेजारच्या वारणा खोऱ्यातला, त्यात हजेरीचा जाच आहे. वर दप्तरकाकांनी १९१८ लिहिलंय, ते आणि 'फकिरा' शेजारी ठेवून वाचावं. कोल्हापूर संस्थानात हजेरी बंद झाली, पण ज्या कायद्यान्वये बाकी हिंदुस्थानात ती चालली तो १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ पर्यंत रद्द झाला नव्हता. एका नदीच्या अलीकडं-पलीकडं माणसाची किंमत वेगळी होती.

पत्रकात चार ओळी घ्याच. कलम वाचून लोक घाबरतात. गोष्ट वाचली की 'हे आपल्याकडंबी हाय' म्हणतात.

शिरोळचा_पाटील
आमच्या तालुक्यातलं हेरवाड विसरू नका. ४ मे २०२२ ला ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. विधवेला हळदीकुंकवातून, लग्नातून बाजूला ठेवणं हे घरातल्या घरात वाळीत टाकणंच आहे.

दूधकट्टा
खरं आहे. पण ठराव कसा टिकतो तेही लिहा. ग्रामसभेला कोरम लागतो, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, दोन्हींत जे कमी ते. विषय नोटिशीत आधी असावा, 'ऐन वेळच्या विषयात' घुसडला की वाद होतो. आणि ठरावाला शिक्षेचं बळ नसतं, पाळला नाही तर कुणाला दंड करता येत नाही. त्यामुळं ठरावानंतर गावात पहिला अंत्यविधी होईल तेव्हा कोण पुढं होऊन थांबवणार, ती दोन-चार बायकांची नावं आधी ठरलेली हवीत.

भुदरगड_माळ
मुख्य प्रश्नाकडं येतो. २०१६ च्या कायद्यातला गुन्हा जामीनपात्र आहे. संध्याकाळी आरोपी जामिनावर घरी, दुसऱ्या दिवशी पारावर. मग फिर्याद देणाऱ्यानं काय करायचं?

काळाकोट
हा प्रश्न सगळ्यात खरा आहे. जामीन मिळाला म्हणजे सुटला असं गाव समजतं, तसं नसतं हे आधी घरच्यांना समजावा. मग फिर्यादीबरोबरच चॅप्टर केसची मागणी करा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६, जुनं १०७. कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढं शांतता राखण्याचा बाँड. बाँड दिल्यावर पुन्हा त्रास दिला तर रक्कम जप्त होते, माणूस जरा दबून राहतो. पंचायत भरणार अशी आधी कुणकुण लागली तर थेट जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, ह्या कायद्यात ती बैठक रोखायचा अधिकार त्यांना आहे.

ठाण्यात 'आधी चौकशी करतो' म्हणाले तर? तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांत नव्या संहितेच्या १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करता येते. पण उपअधीक्षकांची परवानगी लागते आणि चौदा दिवसांत संपवावी लागते. तेव्हा 'परवानगी कधीची?' एवढं विचारा आणि चौदा दिवस कॅलेंडरवर मांडा. निळी शाई म्हणतात तसं, अ‍ॅट्रॉसिटीत ही चौकशीच नाही.

आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवावा असं कायदा सांगतो. दंडाची रक्कम बाधिताला द्यायचा अधिकार कोर्टाला आहे. तो मागावा लागतो, सरकारी वकिलांना आठवण करा.

जुनी_पेठ
वकिलाच्या खर्चाचंही एक लिहा. बाई असो किंवा अनुसूचित जाती-जमातीतलं कुणी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. आणि ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आपल्या कोल्हापुरातच बसतंय, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. गुन्हा रद्द करायची याचिका आरोपीनं केली की पूर्वी फिर्यादीला मुंबईची वारी पडायची आणि बरेच जण तिथंच हात टेकायचे. आता गडहिंग्लजचा माणूस सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळी घरी जातो.

करवीर_दप्तर
आणि ती इमारत त्याच भाऊसिंगजी रोडवर.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकाच्या शेवटच्या पानावर कोरा तक्ता छापायचं ठरवतोय, घरच्यांनी रोज भरायचा. रकाने असे: तारीख, जागा, कोण, काय नाकारलं, काय शब्द बोलले, तिथं आणखी कोण, कागद काय आहे. नमुन्याची एक ओळ भरून देतो: 'दूध संस्था. सचिवांनी सहा लिटर म्हशीचं दूध परत केलं. "वरून सांगितलंय" म्हणाले. मागं रांगेत तिघं होते. पावती दिली नाही.' काही राहिलं का?

दूधकट्टा
वेळ राहिली. सकाळची पाळी की संध्याकाळची, ते लिहा. संस्थेच्या रजिस्टरला दोन्ही वेगळ्या पानावर असतात.

आजऱ्याची_वाचक
आणि तक्ता शाळेच्या वहीच्या मापाचा करा, अक्षर मोठं. बहुतेक घरांत तो शाळेत जाणारी पोरगीच भरणार आहे.